१९८६ चा लाल ट्रक-रोबो : दुरुस्त करावा, तसाच ठेवावा, की पोराच्या हातात द्यावा?

मंगळवारपेठी
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी माळा काढला. पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला माझा ऑप्टिमस प्राइम सापडला, ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांमधला ट्रकचा माणूस होणारा रोबो. काकांनी १९८६ साली मस्कतहून आणलेला. मी तेव्हा सहा वर्षांचा. गल्लीतली सगळी पोरं संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर यायची, आणि प्रत्येकाला एकदा ट्रकचा माणूस करू द्यायचा असा आजीचा नियम होता. नंबर लागायचे. कुणाला ट्रेलरचं दार उघडायला आवडायचं, कुणाला आतली छोटी गाडी बाहेर काढायला.

आत्ताची अवस्था सांगतो. लाल केबिन शाबूत, निळे पाय शाबूत. डावी मूठ नाही. उजव्या पावलाजवळची पिन गंजून अर्धी बाहेर आली आहे, त्यामुळे उभा केला की कलंडतो. ट्रेलर आहे, पण त्याचं एक दार हातात येतं. स्टिकरांची टोकं उचकटली आहेत.

धाकटा भाऊ म्हणतो, काहीही करू नकोस, पुसून काचेत ठेव, जुन्या मालाला बाहेर चांगली किंमत आहे. बायको म्हणते, दुरुस्त करून घे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, तो काहीच म्हणत नाही, नुसता ट्रंकेभोवती फिरतो. मला खरंच ठरवता येईना. तुमच्यापैकी असली बदलणारी रोबो-खेळणी जमवणारं कोण असेल तर सांगा, काय करू?

पन्हाळावारा
भावा, फोटो टाक आधी!

काचेचं_कपाट
थांबा. कुठलंही फेव्हिक्विक, कुठलंही तेल लावायच्या आधी हे वाचा.

मी चौदा वर्षं ही खेळणी जमवतोय, कोल्हापुरात राजारामपुरीत घरी दोन कपाटं भरली आहेत. तुमच्याकडे काय आहे ते नीट समजून घ्या. हा रोबो मुळात ट्रान्सफॉर्मर नव्हताच. जपानच्या टाकारा कंपनीची डायक्लोन नावाची मालिका १९८० पासून होती. तिच्यात गाड्यांचे रोबो व्हायचे आणि आत इंचभर उंचीचा चालक बसायचा, त्याच्या पावलांत चुंबक असायचं. टाकाराची दुसरी मालिका मायक्रो चेंज, तिच्यात कॅसेट, सूक्ष्मदर्शक, घड्याळ अशा घरातल्या वस्तूंचे रोबो. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने या दोन्ही मालिकांमधली खेळणी उचलली आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या एका नावाखाली आणली. नावं, स्वभाव, कोण कुठल्या बाजूचा, हे सगळं तेव्हा नव्याने लिहिलं गेलं. बहुतेक नावं मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी दिली. डायक्लोनमध्ये तुमच्या ट्रकचं नाव बॅटल कॉन्व्हॉय होतं, जपानात त्याला अजूनही कॉन्व्हॉयच म्हणतात.

म्हणजे जुन्या गाड्यांची दारं उघडतात, आत खरोखरची बसायची जागा असते, ती त्या चुंबकवाल्या चालकासाठी. चालक गेला, त्याची खुर्ची राहिली. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी रात्री उठून सगळ्या गाड्यांची दारं उघडून बघितली होती.

आता तुमचं काम. अंगावर कोरलेलं टाकाराचं नाव आणि जपान शोधा. मुठी या मॉडेलमध्ये सुट्याच असतात, त्यामुळे बहुतेकांच्या हरवतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण माझं मत स्पष्ट आहे : दुरुस्ती नको. मऊ कुंचल्याने धूळ काढा, ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा आणि मुलाला दुसरा घ्या.

उद्यमनगरी
कपाटवाल्या दादांचा अभ्यास मोठा आहे, मान्य. पण पिन गंजून अर्धी बाहेर आली आहे म्हणतात, आणि ती तशीच ठेवली तर गंज फुगतो आणि बाजूचं प्लास्टिक तडकतं. मग काचेतसुद्धा तुकडेच राहतील. म्हणजे पिन तर काढावीच लागणार.

माझा उद्यमनगरात लेथचा गाळा आहे. पोराची खेळणी मीच नीट करतो, शेजाऱ्यांचीही यायला लागली. पिन कशी काढायची ते नीट सांगतो, कारण इथंच सगळे चुकतात. असल्या पिनेच्या एका टोकाला नर्लिंग असतं, बारीक उभ्या रेघा, म्हणजे ती प्लास्टिकमध्ये घट्ट धरून बसते. दुसरं टोक गुळगुळीत. ठोकायचं ते गुळगुळीत टोकाकडून, म्हणजे नर्लिंगवालं टोक जिथून आत गेलं तिथूनच बाहेर येतं. उलटं ठोकलं की त्या रेघा अख्ख्या भोकातून खरवडत जातात, भोक मोठं होतं आणि मग नवीन पिन कितीही चांगली करा, सांधा ढिलाच. आधी भिंगातून दोन्ही टोकं बघा. खाली लाकडाचा ठोकळा घ्या, त्याला भोक पाडा, पिन त्या भोकात उतरेल असं खेळणं धरा, आणि वरून पंचने हलके हलके टिचक्या द्या. हातोडी छोटी, घड्याळवाल्याची असते तसली.

नवीन पिनेला मी शहाणपण केलं नाही. तुटलेल्या ड्रिलची शँक, म्हणजे मागचा गुळगुळीत दांडा, घेतली. ती सरळ असते, गोल असते, कडक असते. व्हर्नियरने जुनी पिन मोजली, मागच्या वेळी एका रोबोची १.९५ मिलिमीटर भरली होती, तर दोन मिलिमीटरची शँक पॉलिश पेपरवर उतरवत उतरवत तेवढी केली. स्टेनलेसची तार मिळाली तर उत्तमच, पुन्हा गंजाची भीती नाही. ज्या टोकाला धरायला हवं तिथं पक्कडीने दोन हलके चावे घेतले की झालं नर्लिंग.

पेठी दादा, घेऊन या. पैशाचा विषय काढू नका, तो ट्रक मला एकदा हातात धरायचा आहे.

शिरोली_शिफ्ट
उद्यमनगरी बरोबर बोलताहेत. मी फौंड्रीत आहे. आमच्याकडे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नची ओतकामं, खेळण्यातला धातू वेगळा : जस्ताचा मिश्रधातू, प्रेशर डायकास्टिंग. म्हणून जुन्या रोबोंना ते वजन असतं. हातात घेतलं की कळतं, हे नुसतं प्लास्टिक नाही. धातूच्या भागावर पॉलिश पेपर अजिबात चालवू नका, वरचा मुलामा गेला की परत येत नाही.

रात्रपाळी_आई
काचेचं कपाट, तुमच्याशी मी सहमत नाही, आणि थोडं सविस्तरच लिहिते.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला वाचायचा खूप कंटाळा. दोन वर्षांपूर्वी मामाने तिला एक डिलक्स साइजचा, साधारण साडेपाच इंचाचा रोबो दिला. त्याबरोबर चित्रांची घडीपुस्तिका असते, शब्द जवळजवळ नसतातच, नुसते बाण आणि आकडे. पहिल्या दिवशी ती रडली. गाडीचं बॉनेट छाती होतं हे तिला समजलं, पण दारं कुठे जातात ते कळेना. मी ड्यूटीवरून सकाळी आले तर ही अंथरुणात बसून, जीभ दाताखाली धरून, मागचं चाक टाचेत बसवत होती. अडतीसाव्या का कितव्याशा वेळी जमलं. "आई, याची दारं म्हणजे पंख नाहीत, खांदे आहेत," असं म्हणाली.

तेव्हापासून ती कागदाच्या घड्या घालते, कुकरचं झाकण आतून कसं फिरतं ते बघते. वस्तूला आत काहीतरी दुसरं असतं हे तिला हाताने कळलंय. हे काचेतून कळलं नसतं. पेठी, तुमच्या गल्लीतल्या पोरांना आजीने नंबर लावून दिले, ते मला फार आवडलं. तुमचा मुलगा ट्रंकेभोवती फिरतोय ना? त्याला द्या हो.

काचेचं_कपाट
ताई, नवा रोबो आणि चाळीस वर्षांचा रोबो यांत फरक आहे. जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं. ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदीत काही खेळण्यांना सोनेरी चमकीचं प्लास्टिक वापरलं, ते तर कपाटात बसल्या जागी भुगा होतं, हात लावला की सांध्यापाशी तुकडा पडतो. जमवणाऱ्यांमध्ये त्याला गोल्ड प्लास्टिक सिंड्रोमच म्हणतात. ऑप्टिमसला तो त्रास नाही, पण मी माझ्या डोळ्यांसमोर एक तुटताना पाहिलाय, म्हणून जीव कळवळून सांगतो.

वडापवाला
गाड्यांवर कुणीच बोलेना म्हणून मी येतो.

मला रोबोपेक्षा तो आधी कुठली गाडी आहे यात रस. पहिल्या वर्षीच्या लॉटमध्ये लाल लॅम्बोर्गिनी काउंटॅक होती, पोर्शे ९३५ होती, लान्सिया स्ट्रॅटोस, डॅटसन फेअरलेडीची पोलीस गाडी, फोक्सवॅगन बीटलचा छोटा पिवळा बंबलबी. पण माझी लाडकी जीप. हाउंड त्याचं नाव, हिरवी मित्सुबिशीची जे-५९. आता ही मजा बघा : मित्सुबिशीने विलीजच्या परवान्यावर जपानात जीप बनवली, आणि आपल्या महिंद्रानेही विलीजच्याच जीपनं सुरुवात केली. एकाच घराण्यातल्या दोघी. म्हणून तो हाउंड टीव्हीवर पाहिला की मला राधानगरी रोडची जीपच दिसायची. पुढची उभी जाळी, दोन गोल दिवे, काच खाली पडते ती. वडील वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, जीप चालवायचे, मागं चौदा माणसं आणि टपावर कोंबड्या.

पन्हाळावारा
वडापचा रोबो केला तर चौदा माणसं कुठं जाणार?

वडापवाला
खांद्यावर घेऊन जाईल की! वडापचा माणूस प्रवासी सोडून जात नाही.

मंगळवारपेठी
ऑप्टिमसचं ट्रक-रूप फ्रेटलायनरच्या चपट्या तोंडाच्या ट्रकचं आहे ना? इंजिनाच्या वर केबिन. आपल्याकडचे चपट्या तोंडाचे ट्रक पाहून मला लहानपणी वाटायचं की हेही उभे राहणार. काकांना मी विचारलंही होतं की गूळ मार्केटमधले ट्रक रात्री उठतात का.

दसरा_चौक
विषय गाड्यांवर गेलाच आहे तर, दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते ती कुणी लहानपणी खांद्यावर बसून पाहिली आहे? ती पाहिल्यावर मी वहीभर चित्रं काढली होती : बॉनेट छाती, मडगार्ड खांदे, पुढचे मोठे दिवे गुडघ्यांवर. लांब नाकाची गाडी रोबोला फार चांगली, कारण पायाला लांबी मिळते. आखूड गाडीचे रोबो बुटके होतात.

वडापवाला
मेबॅक आहे तशीच राहू दे दादा, तिला उभं करायची गरजच नाही, आपणच उभं राहतो.

आयसी_सोल्डर
दसरा चौक यांनी लाख मोलाचं सांगितलं. बदलणाऱ्या रोबोचं सगळं कोडं तेच आहे, गाडीचं कवच कुठे लपवायचं. छत, मागची काच, दारं, चार चाकं हे सगळं माणसाच्या अंगावर बसवायचं असतं. नाही बसलं की पाठीवर गाठोडं होतं. इंग्रजीत जमवणारे त्याला किबल म्हणतात, आमच्या ग्रुपवर गाठोडंच म्हणतात. २००३ मध्ये टाकाराने बायनलटेक म्हणून मालिका काढली, एकास चोवीस मापात, परवाना घेतलेल्या खऱ्या गाड्या, पहिली सुबारू इम्प्रेझा. रबरी टायर, धातूचं अंग, बॉनेट उघडलं तर खाली इंजिन, आणि तेच इंजिन काढलं की बंदूक. माझ्याकडे ती इम्प्रेझा आहे. गाडी म्हणून टेबलावर ठेवली तर लोक मॉडेल समजतात. पण बदलताना धातूवरचा रंग धातूला घासतो, कडेला टवके उडतात. म्हणून मी प्रत्येक वळणावर एक प्लास्टिकचा कागद मधे धरतो. वीस मिनिटं लागतात आणि ती वीस मिनिटं माझी सगळ्यात शांत असतात.

मी मोबाइल दुरुस्ती करतो, त्यामुळे यंत्र-रोबोंवर माझा जीव. साउंडवेव्ह, कॅसेट प्लेअरचा. पोटातलं दार उघडून आत छोटी कॅसेट, ती कॅसेट उलगडली की पक्षी. आजच्या पोरांना कॅसेट काय ते समजवायला मी तो रोबोच वापरतो. ब्लास्टर रेडिओचा होता आणि त्याची जपानी आवृत्ती खरोखरचा एएम रेडिओ होती, वाजायची. हॅस्ब्रोच्या आवृत्तीत तो रेडिओ काढून टाकला. मला त्याची आजही हळहळ वाटते.

२०२१ मध्ये रोबोसेन कंपनीने आपोआप बदलणारा ऑप्टिमस काढला, २७ सर्व्हो मोटरी, बोललं की उभा राहतो, चालतो, पुन्हा ट्रक होतो. मी व्हिडिओ पन्नास वेळा बघितला असेन. अभियांत्रिकी म्हणून हात जोडले. तरी घेणार नाही. हाताला काम उरत नाही.

रात्रपाळी_आई
माझ्या मुलीने तो व्हिडिओ बघून विचारलं, "मग मी काय करायचं?"

कुंभारगल्ली
मी सहसा वाचतोच फक्त, आज लिहितो. कपाट दादा, राग नसावा.

मी डबे न फोडणारा होतो. ऐंशीच्या वर रोबो, सगळे सीलबंद, पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला चुरगळा नको म्हणून मी दुकानदाराला तीन तीन डबे बाहेर काढायला लावायचो. खालच्या खोलीत लोखंडी मांडणी, डबे पाठीला पाठ. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा आली. आधी शाहूपुरीत पाणी आलं, मग आमच्या दारात, आम्ही आईला आणि कागदपत्रं घेऊन वर गेलो. खाली जायला मिळालं ते सहाव्या दिवशी. पुठ्ठा सगळा लगदा झाला होता, मांडणीवरून ओघळून खाली आलेला, त्यावर चिखलाचा थर. मी ज्यासाठी जपत होतो ते डबे एका फावड्यात गेले.

रोबो मात्र निघाले. एकेक घमेल्यात घेऊन धुतला. बायको, शेजारची दोन पोरं, मी, चौघं गच्चीवर बसून. सांध्यात गाळ गेला होता तर प्रत्येकाला उलगडावं लागलं, नाहीतर आतलं धुतलंच जात नव्हतं. म्हणजे जे रोबो मी सहा वर्षांत एकदाही बदलून बघितले नव्हते ते सगळे मी त्या आठवड्यात बदलले. स्क्रू गंजले, काहींच्या पिना गंजल्या, प्लास्टिकला काही झालं नाही. एका जेटवर आत इतका सुंदर कोरीव कॉकपिट होता, मला माहीतच नव्हतं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा दोन पोती भरून वीस मिनिटांत सगळं वरच्या मजल्यावर. आता डबे नाहीतच.

काचेचं_कपाट
तुमचं वाचून काही वेळ नुसता बसून राहिलो. माझं घर उंचावर आहे, मी हा विचार कधी केलाच नव्हता. तुमच्या पिना करायच्या असतील तर उद्यमनगरी दादांकडे आपण बरोबर जाऊ.

उद्यमनगरी
कुंभारगल्ली, पोतं घेऊन या. सगळ्या करू.

नाकानोतून
मूळचा रुईकर कॉलनीचा, सध्या टोकियोत. इथे नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलात मांदाराके नावाच्या दुकानाची जुन्या खेळण्यांची काचेची कपाटं आहेत. सुटे भागही मिळतात : पिशवीत एक मूठ, एक क्षेपणास्त्र, एक चिमणीसारखा क्रोमचा पाइप, वर किमतीची चिठ्ठी. तुमची डावी मूठ दिसली तर घेतो, डिसेंबरात येणार आहे. एकच सूचना, नेटवर "मूळ" म्हणून विकतात त्यात पुनर्निर्मित पण असतात. ऑप्टिमसच्या टाकारा आणि हॅस्ब्रोने नंतर अनेकदा आवृत्त्या काढल्या. त्या वाईट नाहीत, पण रंगाची छटा जुळेलच असं नाही.

गांधीनगर_फेरी
नवीन घेणाऱ्यांसाठी एक विचारतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत दोनशेला जे मिळतात ते मुलांना द्यावेत का? आणि परदेशी माल दुकानात दिसेनासा का झाला?

आयसी_सोल्डर
दुसऱ्याचं आधी. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात जकात २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्यामुळे दुकानदार मोजकाच माल ठेवतो आणि तो महाग पडतो.

पहिल्याचं : लहान मुलाला द्यायचं असेल तर आयएसआय चिन्ह बघूनच घ्या. नक्कल मी एकदा ऑनलाइन फसून घेतली. वजनाला हलकी, कडांना धार, स्क्रू पहिल्या पावसात लाल, आणि सांध्याचा गोळा इतका घट्ट की मुलाने जोर लावल्यावर मानच तुटली. रोबोची मान तुटल्यावर मूल आपल्याकडे ज्या नजरेनं बघतं ती परत बघायची नाही मला.

१९८५ पासून खऱ्यावर एक छोटा चौकोनी स्टिकर यायचा, बोटाने घासला की उष्णतेने चित्र उमटायचं. नकली ओळखायची ती युक्ती होती. आज कुणाकडे चालू स्थितीतला असेल तर घासू घासू झिजवू नका.

पन्हाळावारा
सांधे ढिले झालेत त्यांचं काय? माझा उभा राहतो आणि हात हळूहळू खाली येतो, झोपेत डुलकी लागल्यासारखा.

शिरोली_शिफ्ट
गोळ्याचा सांधा असेल तर सोपं आहे. गोळा बाहेर काढा, बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, म्हणजे रात्रभर. मग बसवा. कमी वाटलं तर दुसरा थर. फेव्हिक्विकने पण करतात, पण पारदर्शक प्लास्टिकच्या आसपास वापरू नका, वाफेने काच पांढरी पडते आणि ते जात नाही. कटकट आवाज करणारा दात्यांचा सांधा असेल तर नेलपॉलिशचा उपयोग नाही, तिथं आतली स्प्रिंग किंवा स्क्रू बघावा लागतो.

बीएस्सी_केमिस्ट्री
पिवळे पडलेल्या पांढऱ्या रोबोंबद्दल कुणीतरी विचारेलच म्हणून लिहितो. माझा पांढरा जॅझ, ती पोर्शे, खिडकीत राहून हळदीसारखा झाला होता. उन्हातल्या अतिनील किरणांनी एबीएस प्लास्टिक बदलतं आणि रंग चढतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश एकत्र दिला की बराच उतरतो. हातमोजे, चष्मा, आणि मूल घरात नसताना. स्टिकर असलेला भाग बुडवायचा नाही. लाल-निळ्यावर करायचं नाही, ठिपके पडतात. आणि हे कायमचं नाही, दोन-तीन वर्षांत पिवळेपणा परत डोकावतो. माझा डोकावलाय. आता मी त्याला तसंच राहू दिलंय, वय दिसतं ते दिसू दे. पेठी यांच्या लाल ट्रकला याची गरजच नाही.

मंगळवारपेठी
अकरा दिवसांनी लिहितोय, माफ करा. सगळ्यांची उत्तरं घरात मोठ्यानं वाचली.

शनिवारी मुलाला घेऊन उद्यमनगरात गेलो. दादांनी आधी ट्रक हातात घेतला, वजन तोलल्यासारखं दोनदा वर-खाली केलं, आणि मग पोराच्या हातात भिंग दिलं : "रेघा कुठल्या टोकाला आहेत सांग." त्यानं बरोबर सांगितलं. लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडलं, पाऊल त्यावर धरलं. पहिल्या चार टिचक्यांना काहीच हललं नाही. मग दादांनी सुईच्या टोकानं पेट्रोलचा एक थेंब पिनेवर सोडला, चहा घेतला, परत टिचकी. पिन निघाली ती तपकिरी भुकटीसकट. भोक तडकलं नव्हतं. कपाट दादासुद्धा तिथं होते, कुंभारगल्लींना घेऊन आलेले, त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

स्टेनलेसची तार मिळाली. नर्लिंगचे दोन चावे पोराला घेऊ दिले. बसवल्यावर दादांनी ट्रक गाळ्यातल्या सरफेस प्लेटवर उभा केला, ज्या प्लेटवर ते जॉब तपासतात तिच्यावर. हलला नाही. बाजूच्या गाळ्यातले तिघं बघायला आले.

पोराला मी कसं बदलायचं ते दाखवलं नाही. त्यानं एकट्यानं केलं, केबिन उलटी करताना एकदा अडकला, तेव्हा कपाट दादांचा हात पुढे आला आणि त्यांनी तो परत खिशात घातला.

स्टिकर तसेच ठेवलेत. ट्रेलरचं दार आधीपासूनच निसटत होतं, तेवढ्याला आत एक कागदाची घडी. मुठीसाठी नाकानोतून यांची वाट बघणार. तोपर्यंत थ्रीडी प्रिंटरवर रेझिनची एक छापून आणली आहे, पण तिची निळी छटा फिकट आहे. रंग द्यावा का, आणि कुठला?

आयसी_सोल्डर
रंग नको, बसताना घासून निघेल आणि सांधा घट्ट होईल. छापतानाच रेझिनमध्ये निळा रंग कालवून परत काढा. माझ्याकडे प्रिंटर आहे, उजवी मूठ नमुन्याला आणा.

रात्रपाळी_आई
रविवारी गाळ्यावर जमणार असाल तर आम्ही दोघी पण येतो. ती तिची घडीपुस्तिका घेऊन येणार म्हणते, तुमच्या मुलाला दाखवायला.

उद्यमनगरी
या. दहा वाजता शटर उघडतो. स्टुलं चारच आहेत, पोरांना सरफेस प्लेटवर बसू द्यायचं नाही एवढंच.